लॅपटॉप हा सण नव्हे

ऋण काढून सण करू नये, असं मराठी घरात प्रत्येकाला शिकवलं जातं. आपल्याला ते जरा जास्तच शिकवलं जातं. शिकवणाऱ्यांना बहुतेक वेळा सणासाठी ऋण काढावंच लागत नाही. आपल्यातलं कुणी हप्त्यावर लॅपटॉप घ्यायचं म्हटलं की ही म्हण बाहेर येते आणि तिच्यामागून दुसरी येते, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ऑफिसातले सीनियर, हॉस्टेलमधली रूममेट, पैशाचं नियोजन शिकवणारे व्हिडिओ, सगळ्यांचा सल्ला एकच: गरज आणि हौस यातला फरक ओळखा.

ठीक आहे, ओळखूया. पण मग पूर्ण हिशोब मांडून ओळखूया.

मी हैदराबादेत एका कंत्राटी प्रकल्पात काम करते. उपग्रहाच्या प्रतिमांवरून नकाशे तयार करण्याचं काम आहे. हातात 24,000 रुपये येतात. नेमणुकीच्या पत्रात एक ओळ होती, उमेदवाराकडे स्वतःचा लॅपटॉप असणे आवश्यक. माझ्याकडे कॉलेजच्या काळातला 4 जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, तो मोठा नकाशा उघडला की गोठतो. कामाला पुरेल असा नवा लॅपटॉप दुकानात 84,000 रुपयांचा. माझ्या साडेतीन महिन्यांचा पगार.

माझे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जातात. ऊसतोडीच्या बोलीत नवराबायको मिळून 'एक कोयता' होतो. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. माणसाची मोजणीच हत्याराच्या नावाने होते, आणि ते हत्यार मात्र तोडणाऱ्याने स्वतःचं आणायचं असतं. साखर कारखान्याची, कमिशन मुकादमाचं, कोयता मजुराचा. मी शिकले ती या रांगेतून बाहेर पडायला. आणि माझ्या पहिल्याच नेमणूकपत्राने मला सांगितलं की हत्यार तुझं तू आण. आईवडील कोयता होते, मी 'रिसोर्स' आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं सरळ आहे. ज्या वस्तूशिवाय नोकरीवर हजर होता येत नाही ती हौस नसते. लॅपटॉप हा सण नव्हे. तो पाभर आहे, शिलाई मशीन आहे, गवंड्याची थापी आहे.

बाबासाहेबांनी 1918 साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, त्यामुळे तुकडे जोडा, असं तेव्हाचे शहाणे लोक सांगत होते. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. जमिनीचा तुकडा फायद्याचा की तोट्याचा हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. कसणाऱ्याच्या हाती अवजारं आणि भांडवल किती आहे त्यावरून ठरतं. भारतीय शेतकऱ्याकडे आहे त्या जमिनीलासुद्धा पुरेशी अवजारं नाहीत, हे त्यांनी दाखवलं. आज शेतकऱ्याच्या जागी पदवीधर ठेवून पाहा. आपल्याला रोज सांगितलं जातं की तुमची स्किल कमी पडते, इंग्रजी कमी पडतं, अजून एक कोर्स करा. हातात अवजार आहे का, हे कुणी विचारत नाही.

आपल्यालाही एक गोष्ट फार आवडते. रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकलेला गरीब विद्यार्थी. दिव्याची गोष्ट सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोट मारून जमवलेली सुमारे 2,000 पुस्तकं आठवत नाहीत. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते 1920 मध्ये लंडनला परत गेले तेव्हा स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत होतीच, शिवाय मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं 5,000 रुपयांचं कर्जही होतं. शिक्षणाच्या साधनासाठी कर्ज काढणं हे आपल्या परंपरेत लाजिरवाणं नाही. लाज वाटावी अशी सोय दुसऱ्यांनी केली आहे.

आता अंथरुणाकडे वळते. हप्ते पगाराच्या 40 टक्क्यांपर्यंत चालतात, असं पैशाच्या नियोजनाचे व्हिडिओ सांगतात. त्या हिशोबाने मला 9,600 रुपयांचा हप्ता परवडतो. माझा खरा हिशोब असा: खोलीचं भाडं, दोघींत वाटून, 6,000. मेस 5,000. बस आणि मेट्रो 1,500. मोबाइल आणि इंटरनेट 1,000. औषधं आणि किरकोळ 1,500. घरी 6,000. उरतात 3,000.

'घरी 6,000' ही ओळ त्या व्हिडिओंत नसते. ज्यांनी तो नियम बनवला त्यांच्या घरात पैसा वरून खाली येतो. आजोबांचा फ्लॅट, वडिलांचा पीएफ, बारावी पास झाल्याचा बक्षीस लॅपटॉप, नोकरी सुटली तर परत जाण्याची खोली. आपल्या घरात पैसा खालून वर जातो. पहिल्या पगारापासून आपण आईवडिलांचं पेन्शन असतो, धाकट्या भावाची फी असतो, उचलीची राहिलेली बाकी असतो. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे 24,000 आणि माझे 24,000 एकच नसतात. त्याचा लॅपटॉप पगारातून आलेला नाही, त्यामुळे त्याला माझ्या हप्त्यात उधळपट्टी दिसते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य. पण अंथरूण किती लांबीचं हे जन्माआधीच ठरलेलं असेल, तर कुणी कापलं हे विचारायचा हक्क पाय आखडून घेणाऱ्याला आहे.

एनएसएसच्या 2017-18 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या फक्त 4.4 टक्के घरांत कॉम्प्युटर होता. शहरांत 23.4 टक्के घरांत. यात डेस्कटॉप, लॅपटॉप, टॅबलेट सगळे आले. दोन वर्षांतच कोविड आला आणि शिक्षण ऑनलाइन झालं. त्यानंतर परीक्षेचे अर्ज, असाइनमेंट, मुलाखती, सगळंच स्क्रीनवर गेलं. लॅपटॉप ही प्रवेशाची अट झाली, पण कोणत्याही माहितीपत्रकात फीच्या तक्त्यात ती लिहिलेली नाही. न लिहिलेली फी ज्याच्याकडे आधीपासून पैसा आहे त्याला दिसतही नाही. ज्याच्याकडे नाही तो गळतो, आणि त्या गळतीला मेरिट म्हणतात.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. केंद्र सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी टॉप क्लास एज्युकेशन नावाची योजना आहे. तिच्यात लॅपटॉपसाठी एकदाच 45,000 रुपयांची तरतूद केली गेली. म्हणजे लॅपटॉप ही शिक्षणाची गरज आहे, हे सरकारने लिहून दिलं आहे. पण ही योजना आयआयटी, आयआयएमसारख्या निवडक संस्थांपुरती. आपल्यातले बहुतेक जण जिथे शिकतात तिथे पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती असते, जिला आपण भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो. 2021 च्या सुधारित नियमांनुसार तिच्यात बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला फी सोडून वर्षाला 3,000 रुपये शैक्षणिक भत्ता आहे. तीन वर्षांचे मिळून 9,000. याच भत्त्यातून 45,000 चा लॅपटॉप घ्यायचा तर 15 वर्षं बी.ए. करावं लागेल.

दुसऱ्या हाताने सरकार काय करतं तेही पाहा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, लॅपटॉपवर 18 टक्के. माझ्या 84,000 च्या लॅपटॉपमध्ये जवळपास 12,800 रुपये कर आहे. बी.ए.च्या तीन वर्षांत जितका भत्ता देतात त्याहून जास्त रक्कम एका बिलात परत घेतात. हाच लॅपटॉप जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीने धंद्यासाठी घेतला तर भरलेला कर तिला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो. शिवाय आयकरात कॉम्प्युटरवर वर्षाला 40 टक्के घसारा मिळतो. म्हणजे मालकाने हत्यार घेतलं तर कर माफ आणि घसाऱ्याची सूट. मजुराने स्वतःच्या पगारातून घेतलं तर पूर्ण कर. 'स्वतःचा लॅपटॉप आणा' ही ओळ नेमणूकपत्रात लिहिणाऱ्यांनी जो खर्च स्वतः सवलतीत केला असता, तो विनासवलत माझ्यावर ढकलला आहे.

तामिळनाडूने 2011 पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. अशा गोष्टींना आपल्याकडे फुकटेगिरी म्हणतात. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी मोफत वाटपाच्या राजकारणाला 'रेवडी' म्हटलं आणि शब्द रूढ झाला. कंपनीचा घसारा मात्र रेवडी नसतो, तो कायदा असतो.

आणि जे कागदावर मंजूर आहे ते वेळेवर येतं का? रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप, 1,75,000 रुपये, थकलेली होती. त्याच्या शेवटच्या पत्रात हा आकडा आहे. सप्टेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाला आयआयटी धनबादच्या जागेसाठी सुप्रीम कोर्टात जावं लागलं, कारण 17,500 रुपये मुदतीच्या आत भरले गेले नाहीत. कोर्टाने जागा दिली. पण गुणवत्ता यादीत नाव असलेल्या मुलाला काही हजारांसाठी देशातल्या सर्वोच्च कोर्टाची पायरी चढावी लागते, त्या देशात 'नियोजन करा' हा सल्ला कुणी कुणाला द्यायचा?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग घेऊन टाक तो लॅपटॉप. थांबा. आपल्याला अंथरुणाची म्हण ऐकवणारा एक आहे, तसा आपल्या स्वाभिमानावर धंदा करणारा दुसराही आहे. तो दुकानात बसलेला आहे.

'नो कॉस्ट ईएमआय'चं गणित मांडून बघा. 84,000 चा लॅपटॉप, 12 हप्ते, महिना 7,000, व्याज नाही म्हणतात. क्रेडिट कार्डावर बँक 16 टक्क्यांनी व्याज लावत असेल तर या हप्त्यांत सुमारे 6,850 रुपये व्याज असतं. दुकानदार तेवढी सूट किमतीत दाखवतो, म्हणून बेरीज जुळते. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, सुमारे 1,230 रुपये, तो आपण भरतो. वर प्रोसेसिंग फी. आणि रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती या योजनेत बऱ्याचदा मिळत नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं.

ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही त्यांना काउंटरवर 'फक्त 12 टक्के फ्लॅट' सांगतात. 84,000 वर 24 महिन्यांसाठी 12 टक्के फ्लॅट म्हणजे 20,160 रुपये व्याज, हप्ता 4,340. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं तरी व्याज पूर्ण 84,000 वरच चालू राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर 21 टक्क्यांच्या पुढे जातो. तोंडाने सांगितलेला आकडा आणि कागदावरचा आकडा यातल्या फटीत सावकारी राहते.

मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. बहुतेकांनी त्या रोख्यांवर न वाचता अंगठा दिला होता, कारण वाचता येत नव्हतं. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचं मूळ अविद्येत शोधलं ते यासाठीच. आपण त्या घरांतले पहिले वाचणारे. आणि आपणही मोबाइलवर 'आय ॲग्री' दाबताना न वाचता अंगठाच टेकवतो. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, लिहावा लागतो. तो कागद मागा. मराठीत मागा. काउंटरवरचा मुलगा घाई करेल, करू द्या.

अजून शिकत असाल तर दुकानातलं कर्ज घेण्याआधी बँकेत जा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी लागणारा कॉम्प्युटर हा मान्य खर्च आहे. 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. मॅनेजर तोंडी 'होत नाही' म्हणाला तर लेखी मागा. लेखी नकार द्यायला कुणाला आवडत नाही.

आता ब्रँडचं. आपल्यातल्या मुलामुलींना मागे सफरचंद चमकणारा लॅपटॉप हवासा वाटतो, यात मला काही चूक वाटत नाही. ज्यांना अंगावर चांगलं कापड घालायची बंदी होती त्यांना 1927 साली महाडला बाबासाहेबांनी नीटनेटकं राहायला, नेसायला सांगितलं होतं. चांगली वस्तू हवी वाटणं हा माणूस असण्याचा भाग आहे. पण मीटिंगमध्ये लॅपटॉप उघडल्यावर मिळणारा मान दोन वर्षांच्या हप्त्यांवर घेतला असेल तर तो भाड्याचा मान आहे. हप्ता चुकला की सिबिल घसरतो, वसुलीवाल्याचा फोन गावी वडिलांना जातो, आणि नोकरी सोडावीशी वाटली तरी हप्ता सोडू देत नाही. मुकादमाची उचल माणसाला हंगामभर बांधते. पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याचा हप्ता वेगळं काय करतो?

एक गोष्ट आपल्याच घराला सांगायची आहे. माझ्या लग्नासाठी दोन लाखांचं कर्ज काढायला मामा आणि काका आजही तयार आहेत, तेही शेकडा तीन रुपये महिन्याने, म्हणजे वर्षाला 36 टक्के. मंडप, घोडा, बँड, हजार माणसांचं जेवण. लॅपटॉप म्हटल्यावर मामा म्हणाले, "पोरी, एवढं कर्ज बरं नव्हं." मी म्हटलं, "मामा, लग्नाचं कर्ज तुम्ही काढणार आणि फेडणार आई-बाबा. हे मी काढते, मीच फेडते. आणि हे कमवून देतं." ऋण काढून सण करू नये ही म्हण खरी लागू होते ती त्या मंडपाला.

मी काय ठरवलं ते सांगते, कारण नुसता राग मांडून हप्ता भरला जात नाही. नवा लॅपटॉप 24 महिन्यांनी, 18 टक्के घटत्या दराने घेतला तर हप्ता 4,190 च्या आसपास आणि एकूण एक लाखाच्या वर. माझ्याकडे उरतात 3,000. तो पर्याय तिथेच संपला. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये कंपन्यांनी वापरून परत केलेले, दुरुस्त केलेले बिझनेस लॅपटॉप मिळतात. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असेच बाजार आहेत. तिथे 16 जीबी रॅमचा, वॉरंटी लिहून दिलेला लॅपटॉप मला 32,000 ला मिळतो आहे. 10,000 साठवलेले आहेत. 22,000 चं कर्ज पगाराच्या बँकेतून 12 महिन्यांसाठी, 18 टक्क्यांनी. हप्ता 2,017, एकूण व्याज सुमारे 2,200. हजारभर रुपये आजारपणाला राहतात, घरच्या 6,000 ला हात लागत नाही. माझं कर्ज हत्याराच्या किमतीइतकं असेल, त्याच्यावरच्या चकाकीइतकं नाही.

पण हा निर्णय मला शहाणपणाचा नमुना म्हणून मिरवायचा नाही. ज्याचा खर्च मालकाने करायला हवा, तो मी काटकसरीने केला, एवढंच. म्हणून आम्ही चार कंत्राटी कामगारांनी मिळून ऑफिसला मेल केला आहे: लॅपटॉप द्या, नाहीतर महिना 1,500 रुपये वापरभाडं द्या आणि नेमणूकपत्रात तसं लिहा. एकट्याने मागितलं की ती तक्रार होते, चौघांनी मागितलं की विषय होतो. उत्तर अजून आलेलं नाही, दुसरा मेल तयार आहे.

सरकारकडे मागण्या साध्या आहेत. टॉप क्लासमधली लॅपटॉपची तरतूद पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला द्या. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरचा जीएसटी पुस्तकासारखा शून्य करा. कॉलेजच्या ग्रंथालयाने पुस्तकासारखा लॅपटॉपही सेमिस्टरभर घरी द्यावा. शिष्यवृत्ती सत्र सुरू होताना द्या, संपताना नको.

आणि हे होईपर्यंत आपल्या हातात भिशी आहे. आपल्या आया ती वर्षानुवर्षं चालवतात. दहा जणांनी महिना 3,000 टाकले तर दर महिन्याला 30,000 जमतात, दहा महिन्यांत दहा लॅपटॉप, व्याज शून्य, खरंखुरं शून्य. ओळखीची माणसं घ्या, नोंदवही ठेवा, आणि पहिली पाळी कॉलेज सुरू होणाऱ्याला द्या. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक हॉस्टेलमध्ये 14 एप्रिलच्या वर्गणीची पावती फाडणारी मुलं आहेतच. त्याच पावतीपुस्तकावर एक लॅपटॉपही निघू शकतो.

कुणी पुन्हा अंथरुणाची म्हण ऐकवली तर वाद घालत बसू नका. त्यांना एकच विचारा, तुमचा पहिला लॅपटॉप कुणाच्या पैशाने आला होता?

जय भीम.